कव्हरवाला कोपरा

उद्घाटनरावांनी चौथ्यांदा रिबीन कापली तेव्हा टाळ्या वाजवायला फक्त बायको आणि बायकोचे दादा होते, आणि त्यातले दादा हाताची घडी घालून उभे होते.

गल्लीनं त्यांना हे नाव उगाच दिलं नव्हतं. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान हातात आल्यापासून त्यांनी त्या कोपऱ्यावर आधी चपला विकल्या, मग फळांचा रस, मग छत्र्या. रसाचं दुकान बसलं तेव्हा बायकोनं कारण विचारलं. ते म्हणाले, "अगं, चालत होतं. पण पिणारा मी एकटाच होतो." स्वतःची टिंगल करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"या वेळी मात्र अभ्यास करून उतरलोय," त्यांनी दादांना सांगितलं. "छत्र्या विकताना कान उघडे ठेवले होते. जो येतो तो एकच विचारतो, 'काका, कव्हरवाला कोपरा हाच ना?' लोकांना कव्हरं हवीयत आणि मी गाढव छत्र्या घेऊन बसलोय!"

लोक पुढे आणखी काहीतरी बोलायचे, पण तोवर उद्घाटनराव मनातल्या मनात पाटी रंगवायला लागलेले असायचे. आता दुकानात फ्रिजचं, मिक्सरचं, सोफ्याचं, रिमोटचं, झालंच तर आरशाचंही कव्हर होतं. आरशाला कव्हर कशाला, असं कुणी विचारू नये म्हणून एक उभा आरसाच कव्हर घालून मांडला होता.

दादांचं चष्म्यांचं दुकान बरोबर समोरच्या कोपऱ्यावर. ते म्हणाले, "जावईबापू, चाललं तर आनंद आहे. नाही चाललं, तर पुढच्या महिन्यापासून माझ्याकडे बसायचं. चष्मे पुसायला माणूस हवाच आहे."

"आणि या वेळी दादाचं ऐकायचं हं," बायको म्हणाली.

उद्घाटनराव कापलेली रिबीन गुंडाळायला लागले. दादांच्या हाताखाली बसायचं म्हणजे दिवसभर त्यांचे सल्ले ऐकायचे, आणि तेच सल्ले रात्री बायकोच्या तोंडून पुन्हा.

दुसऱ्याच दिवशी पाच-सहा पोरंपोरी आली. "काका, कव्हर इथलंच ना?"

"इथलंच! कसलं दाखवू? फ्रिजचं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकीनं मोबाइल पुढे केला. त्यावर एका जुन्या गाण्यांच्या अल्बमचं मुखपृष्ठ होतं. दोन पायऱ्या, अर्धवट खाली ओढलेलं शटर, शेजारी दिव्याचा खांब आणि भिंतीला टेकलेले पाच केसाळ गायक. कुठल्याशा सुट्टीच्या दिवशी, गल्ली झोपेत असताना काढलेला तो फोटो आता कुठे गाजायला लागला होता.

"हे ते कव्हर, काका. तुमचं शटर जरा अर्धं खाली घेता?"

उद्घाटनराव मट्कन स्टुलावर बसले. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसले आणि शटर खाली घेतलं. नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

मग रांगच लागली. एक घोळका गेला की दुसरा हजर. शटर दिवसभर अर्धं, त्यामुळे खरी गिऱ्हाइकं दुकान बंद आहे असं समजून परत जायची. आणि उद्घाटनराव फुटपाथवर उभे राहून सांगायचे, "तू जरा डावीकडे. तुझा पाय भिंतीला. हसू नकोस, ते हसले नव्हते." कुणी म्हणायचं, "काका, फोटोत शटरच्या वर डाव्या बाजूला गोल झरोका आहे, तो दिसत नाही." "बुजवला असेल वडिलांनी," ते ठोकून द्यायचे. कुणीतरी खुशीनं मोठं पोस्टर दिलं, ते त्यांनी दुकानात लावलं. कव्हर एकही खपलं नाही. महिना संपत आला तसे समोरून दादा काचा पुसायचं फडकं उंच करून दाखवायला लागले.

अखेर एक काकू शटरखालून वाकून आत आल्याच. "आरशाचं कव्हर आहे का हो?"

उद्घाटनरावांना गहिवरून आलं. त्यांनी झटकन आरशावरचं कव्हर ओढलं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले. आरशात भिंतीवरचं पोस्टर उलटं दिसत होतं. खांब दुसऱ्या बाजूला गेला होता आणि झरोका उजवीकडे. त्यांनी वाकून शटरखालून बाहेर पाहिलं. दादांचं दुकान. खांब आरशात दिसला त्याच बाजूला. शटरच्या वर उजवीकडे गोल झरोका.

फोटो छापणाऱ्यानं तो उलटा छापला होता.

"अहो, कव्हर केवढ्याला?" काकू विचारत होत्या. पण उद्घाटनराव रस्त्यावर पोचले होते. दादांना फार त्रास होईल, असा विचार त्यांच्या मनात आला. तो त्यांना इतका आवडला की त्यांनी दोन्ही हात वर करून पोरांना हाक मारली.

"अरे, इथे नाही! तिथे! समोर!"

पोरांनी फोटो मोबाइलवर उलटा करून बघितला, आरोळी ठोकली आणि सगळा घोळका रस्ता ओलांडून गेला. पहिले दोन दिवस दादांचा आवाज इकडे स्पष्ट ऐकू येत होता. "हे दवाखान्यासारखं दुकान आहे, तमाशा नाही!" तिसऱ्या दिवशी आवाज बसला आणि शटर अर्धं खाली आलं.

एक तारखेला दादा रस्ता ओलांडून आले. बायको डबा घेऊन आली होती.

"जावईबापू," दादा इकडेतिकडे बघत म्हणाले, "दुकानात अंधार आहे. गिऱ्हाइकाला अक्षरं दिसेनात, तर मी नंबर कसला काढू? पोरं पाय लावून लावून भिंत काळी करतायत. जरा वेळ... इथे बसू का?"

उद्घाटनरावांनी बायकोकडे पाहिलं. तिनं पदरानं स्टूल पुसलं.

"बसा ना दादा, तुमचंच दुकान आहे," उद्घाटनराव म्हणाले. "फक्त गिऱ्हाईक आलं की उठायचं हं. स्टूल एकच आहे."

दादा बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना एकदाही उठावं लागलं नाही.