शून्य चुकांचा दिवस

ऑफिसच्या कोड लिहायच्या एडिटरला धाकटीने जोडलेलं एक्सटेन्शन दुपारी चारपर्यंत नीट चाललं तर राहणार होतं. नाहीतर ऑफिस दुसरं तयार विकत आणणार होतं. दोन वर्षं लेकरासारखं वाढवलेलं ते एक्सटेन्शन. गुणी होतं, पण एक खोड होती. कोड लिहिताना चुकांखाली लाल रेघ मारणारा जो सर्व्हर मागे बसलेला असतो, तो बदलायचा म्हटलं की अख्खा एडिटर बंद करून पुन्हा उघडावा लागे.

"म्हणजे मुद्रितशोधक बदलायला छापखानाच बंद ठेवायचा?" घरूनच काम करणाऱ्या लेकीला बाबांनी विचारलं. बाबांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या आणि निवृत्तीनंतर तेच काम घरात सुरू ठेवलं होतं.

"तसंच, बाबा. म्हणून तर सगळं उसवून पुन्हा शिवतेय."

आणि उसवलंही तिने. एका लांबलचक फंक्शनातला गुंता सोडवून जुन्याला थांबवणं वेगळं केलं, नव्याला उठवणं वेगळं. सकाळी अकराला नवी आवृत्ती ऑफिसात सगळ्यांना पाठवली. सर्व्हर बदलला, एडिटर जागचा हलला नाही. आणि नवल म्हणजे, कुणाच्याच फायलीत एकही लाल रेघ उरली नाही.

"शून्य चुका!" फोनवर साहेब गहिवरले. "मी म्हणत नव्हतो, आपली माणसं सोन्यासारखी आहेत?"

"पण साहेब," फोनवरच त्यांच्या मागून आवाज आला. दर वाक्याची सुरुवात 'पण'ने करणाऱ्या या सहकाऱ्याला सगळे पणराव म्हणत. "पण मी तर कंस उघडा टाकून चहाला गेलो होतो."

"तुझा हेतू कळला असेल त्याला. शुभ बोल जरा!"

मग काय, सगळ्यांना हुरूप आला. कुणी मागे वळून बघेना. दीड वाजता सगळ्यांचा कोड एकत्र केला, तेव्हा तो तीनशे बारा चुका ओकून आडवा पडला.

"चारला बघू," साहेब एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर धाकटीला बरं वाटलं असतं.

"जेवलीस का गं?" बाबा दारात.

"बाबा, तीनशे बारा चुका!"

"अर्ध्या दिवसात? आम्हाला महिना लागायचा."

"चेष्टा नको ना. नवा सर्व्हर उठलाय, जागा आहे, पण तोंडातून शब्द काढत नाही."

"त्याच्यापुढे पानं कुणी ठेवली?"

"पानं उघडीच आहेत की सगळ्यांची."

"तुमच्यापुढे. त्याच्या टेबलावर आहेत का?" बाबा खुर्ची ओढून बसले. "पाळी संपली की आम्ही नव्याला सांगायचो, दुसरं पान झालं, पाचवं अर्धं राहिलंय, सहावं यायचंय. एकदा मी न सांगताच निघालो. तो बापडा रात्रभर रिकाम्या टेबलाशी बसून राहिला. पानं न तपासताच छापली गेली, आणि सकाळी संपादकांच्या वाढदिवसाच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'!"

धाकटी तशीच कोडकडे वळली. उघड्या फायलींची यादी सर्व्हरच्या हाती देणारी ओळ एडिटर उघडतानाच्या जुन्या कोडमध्येच राहून गेली होती. नव्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, गरीब बिचारा! चारला दहा मिनिटं कमी असताना ती ओळ योग्य जागी आली आणि दुरुस्त आवृत्ती सगळ्यांकडे गेली.

चारला सगळे व्हिडिओ कॉलवर जमले.

"माझ्याच फायलीवर दाखव," साहेब म्हणाले आणि त्यांनी आपली स्क्रीन सगळ्यांसमोर उघडली. "आता बदल सर्व्हर."

तिने सांगितलेलं बटण त्यांनी दाबलं. होत्या त्या लाल रेघा पुसल्या गेल्या. एक सेकंद गेला. दोन गेले. पान कोरं करकरीत. धाकटीने डोळे मिटून घेतले.

"आली!" पणराव ओरडला. "साहेबांच्या पहिल्याच ओळीत चूक आली!"

मग दुसरीत आली, चौथीत आली, आणि पुढे रेघांची रांगच लागली. अख्खं ऑफिस मोठमोठ्याने मोजू लागलं. एक्केचाळीसला टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबा तर दारातच उभे राहून टाळ्या वाजवत होते.

साहेबांचे कान त्या रेघांसारखेच लाल झाले.

"ठीक आहे, ठीक आहे," ते खाकरले. "एक्सटेन्शन राहू दे. फाइल बंद कशी करायची, तेवढं सांग."