आधीच्या मालकाची लायकी

मी खरं तर बाथरूमचा बल्ब आणायला बाहेर पडलो होतो. आता बल्बच्या दुकानाला लागून जुन्या सामानाचं दुकान आहे यात माझा काय दोष? दोष असेल तर ज्याने ती दोन दुकानं शेजारीशेजारी बांधली त्याचा. बल्ब हातात घेऊन मी सहज आत डोकावलो आणि तिथे, एका लंगड्या टेबलामागे, मला तो दिसला. गॅसवर चालणारा ग्रिल. चाकांवरचा, दोन बर्नरचा, वर घुमटासारखं झाकण असलेला.

"एकाच मालकाचा आहे साहेब," दुकानदार म्हणाला. "वापरलेलाच नाही म्हणा ना."

मी झाकण उघडलं. आत जाळीवर काहीतरी जळून दगड झालं होतं. ते कणीस होतं की कोंबडी, हे सांगायला प्रयोगशाळाच लागली असती. गॅसची नळी उंदरांनी कुरतडली होती. एक बटण गायब होतं आणि त्या जागी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं बूच बसवलेलं होतं. बाहेरून मात्र दुकानदाराने काळ्या रंगाचा जाड हात मारून ठेवला होता, म्हणजे गिऱ्हाइकाला गंज दिसायला नको. वापरलेलाच नाही म्हणे. या माणसाला धड खोटं बोलण्याचीही अक्कल नव्हती. अशा लोकांशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. मी ग्रिल विकत घेतला. (बल्ब टेबलावरच राहिला.)

हातगाडीवरून ग्रिल दारात उतरला तेव्हा बायको बाहेर आली. तिने ग्रिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत ग्रिलकडे पाहिलं. मग खाली वाकून त्या बुचाला बोट लावलं.

"एवढ्या मोठ्या दुकानात तुम्हाला हाच मिळाला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पाहताक्षणीच आपला वाटला. तिने ते बोट पदराला पुसलं. लग्नानंतर माझ्या खरेदीवर ती पहिल्यांदाच भांडली नव्हती, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता.

आता मागच्या खोलीबद्दल सांगतो, कारण सगळं प्रकरण तिच्यापायी पेटलेलं होतं. आमच्या घरात मागे एक रिकामी खोली आहे. रिकामी म्हणजे माझ्या दृष्टीने. तिच्यात एक उघडलेला रेडिओ, तीन पायांवर उभी खुर्ची, चेन नसलेली सायकल आणि पोटातलं सगळं बाहेर काढलेलं भिंतीवरचं घड्याळ आहे. ही सगळी कामं चालू आहेत. मला तिथे व्यवस्थित वर्कशॉप करायचं होतं. बायकोला तिथे शिलाई मशिन ठेवून शिवणाचे वर्ग काढायचे होते. यावर आमच्यात बरेच दिवस अबोला, टोमणे, परत अबोला असा क्रम चालू होता. त्या दिवशी मी ग्रिलच्या झाकणावर थाप मारून जाहीर केलं की, येत्या महिन्यात तुझ्या वडिलांच्या पंचाहत्तरीचं जेवण याच ग्रिलवर होणार, स्वयंपाकघर बंद. आणि ते झालं, तर खोली माझी.

"आणि नाही झालं, तर खोलीतलं सगळं भंगारात," बायको म्हणाली. "पण जेवण झालं की नाही, ते बाबांनी सांगायचं."

इथेच खरी मेख होती. माझे सासरे उद्यान खात्यात मोठे अधिकारी होते. माणसाने आयुष्यभर झाडं वाढताना पाहिली तर त्याच्या अंगी थोडा धीर यावा अशी अपेक्षा असते, पण यांना जगात एकच प्रश्न ठाऊक आहे : "झालं का?" मी चहाचा कप उचलला की "झालं का?" मी मोजे घालतोय, तर "झालं का?" लग्नात आम्ही वाकून नमस्कार केला, तेव्हाही त्यांनी आशीर्वादाऐवजी हाच प्रश्न विचारला होता. जावई हाती घेतलेली एकही गोष्ट पुरी करत नाही, हे त्यांचं माझ्याबद्दलचं ठाम मत आहे. निवृत्त होताना खात्याच्या लिलावात त्यांनी बाकांना लावायचा हिरवा रंग पिंपांनी घेतला आणि तेव्हापासून दिसेल त्याला फासत सुटले. त्यांच्या घरी फाटक हिरवं, शिडी हिरवी, स्टूल हिरवं, काठी हिरवी. सासूबाई एका जागी फार वेळ बसत नाहीत त्याचं कारण हेच असावं. आम्ही घर घेतलं तेव्हा आम्हालाही त्यांनी असंच काहीतरी हिरवं भेट दिलं होतं. अवजड होतं, एवढंच आठवतं. मागच्या अंगणात प्लास्टिकखाली बरीच वर्षं होतं, मग दिसेनासं झालं. चोरीला गेलं असेल तर मला चोराची कीव येते. पण सासरे प्रत्येक भेटीत विचारतात, "आम्ही दिलेलं वापरता ना?" आणि मी प्रत्येक भेटीत सांगतो, "हो तर. नेहमी."

असो. मी कामाला लागलो.

जाळ्या सोड्याच्या पाण्यात भिजत घालायच्या होत्या. एवढी मोठी बादली आमच्याकडे नव्हती, म्हणून कपडे भिजवायच्या टबात घातल्या. त्यात बायकोच्या पांढऱ्या चादरी आधीपासून होत्या हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (त्या चादरी आता करड्या आहेत. माझ्या मते करड्याच जास्त शोभतात.) बर्नरची भोकं बुजली होती, ती मी शिलाई मशिनच्या सुयांनी मोकळी केली. सुया फार हलक्या दर्जाच्या निघाल्या, अख्खं पाकीट मोडलं. त्या दिवसांत आमच्या घरात बसायला जागा नव्हती. सोफ्यावर झाकण, जेवणाच्या टेबलावर बर्नर आणि प्रत्येक पावलाखाली एखादा स्क्रू. आंघोळीला गेलेला माणूस अंधारात चाचपडत बाहेर यायचा, कारण बल्ब अजून आलेला नव्हता.

जसजसा ग्रिल उलगडत गेला तसतसा मला त्याचा आधीचा मालक दिसू लागला. माणूस न भेटताही त्याच्या वस्तूंवरून कळतो. मी जाळी खरवडत खरवडत त्याचा उद्धार करायचो आणि नवल म्हणजे बायको भाजी निवडायची सोडून समोर येऊन बसायची.

"किती आळशी माणूस असेल," मी म्हणायचो. "एकदा वापरला आणि पुसलासुद्धा नाही."

"पहिल्याच दिवशी हात भाजला असेल," ती म्हणायची. "मग रुसून बसला असेल, आणि दोष ग्रिलला दिला असेल."

"पावसात तसाच उघडा टाकला मूर्खाने."

"बायकोने दहादा सांगितलं असेल, आत घ्या, आत घ्या. तो म्हणाला असेल, बघतो."

मला तिच्या निरीक्षणाचं खरोखर कौतुक वाटलं. एरवी मी पूर्व म्हटलं की ती पश्चिम म्हणते, पण या माणसाच्या नालायकीबद्दल आमचं पूर्ण एकमत होतं. औषधाचं बूच पाहून मी म्हटलं की, बटण हरवल्यावर नवं आणण्याऐवजी हे बसवणारा इसम स्वतःला मोठा कारागीर समजत असणार. यावर ती इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. इतकी मनापासून ती माझ्या विनोदाला कधी हसली नव्हती. मला वाटलं, संसाराला या वयात नवी पालवी फुटतेय. मी अंगठ्यावरचा जुना डाग चोळत (विचारात असलो की मला ती सवय आहे) पुढच्या स्क्रूकडे वळलो.

मग रंग. रंगवण्याआधी जुना रंग पार लोखंडापर्यंत खरवडून काढावा आणि भट्टीला चालणारा खास रंग वापरावा, असं रंगाच्या दुकानात सांगितलं. रंगवाल्यांना रंग खपवण्यापलीकडे काही सुचत नाही. घरी खिडकीच्या गजांना लावून उरलेला चंदेरी रंग होता, तोच मी काळ्यावर दोन हात मारला. मारताना झाकणाच्या कडेला, काळा रंग उडालेल्या जागी, मला थोडं हिरवं दिसलं.

"बघ," मी बायकोला म्हटलं, "लोखंडावर शेवाळ धरेपर्यंत हलला नाही पठ्ठ्या."

तिने वाकून पाहिलं. "शेवाळच आहे," ती म्हणाली आणि आत गेली. बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ चालू राहिल्याचा आवाज येत होता.

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी ग्रिल अंगणात उभा होता आणि खोटं कशाला बोलू, राजासारखा दिसत होता. नवी नळी, नवी बटणं, चंदेरी झाकण. सासरे खुर्चीवर काठी टेकून बसले, सासूबाई त्यांच्या शेजारी. मी सिलिंडर उघडला. खोली, रेडिओ, सायकल, सगळं त्या एका ठिणगीवर होतं.

पेटला. दोन्ही बर्नर निळेशार पेटले. कणसं खमंग भाजली, बटाट्यांची सालं सुटली, मासे जाळीला न चिकटता उलटले. मी मुद्दाम घाई केली नाही. सासऱ्यांनी ताट पुरं संपवलं, हात पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मी चिमटा खाली ठेवला.

"झालं," ते म्हणाले.

नुसतं झालं. पुढे 'का' नाही. मी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. खोली माझी झाली होती.

इथे एखादा शहाणा माणूस खाली बसला असता आणि त्याने कणीस खाल्लं असतं. पण मला वाटलं, इतके दिवस जे सोसलं ते या लोकांना कळायला हवं. मी उभा राहिलो आणि सासऱ्यांना सांगितलं की हा ग्रिल माझ्या हाती आला तेव्हा त्याची काय दशा होती. जाळीवरचा दगड सांगितला, उंदीर सांगितले, बूच सांगितलं. मग आधीच्या मालकावर आलो आणि काही राखून ठेवलं नाही. आळशी, रुसका, हेकट, बायकोचं न ऐकणारा, काही न येणारा आणि सगळं येतं असं समजणारा.

"अशा माणसाच्या हाती," मी शेवटी म्हणालो, "वर्कशॉप सोडाच, स्क्रूड्रायव्हरसुद्धा देऊ नये. त्याच्या घरातलं सगळं उचलून भंगारात घातलं पाहिजे."

सासरे माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या मागे बघत होते. सासूबाईही तिकडेच बघत होत्या. मी वळलो. बोलण्याच्या भरात मी गॅस बंद करायचा विसरलो होतो. बंद झाकण तापून माझ्या चंदेरी रंगाला फोड आले होते, आणि तो रंग खालच्या काळ्याला बरोबर घेऊन पापुद्र्यासारखा सुटून पडत होता. आतून हिरवा रंग वर येत होता. फाटकाचा हिरवा. शिडीचा, स्टुलाचा, सासऱ्यांच्या हातातल्या काठीचा हिरवा.

सासरे उठले, ग्रिलपर्यंत गेले आणि काठी झाकणाशेजारी धरून पाहिली. तसूभर फरक नव्हता.

"हा तर आम्ही दिलेला," ते म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. मी ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलो असताना तिने तो भंगारवाल्याला देऊन टाकला होता, हे तिने आता शांतपणे सांगितलं. पहिल्याच दिवशी अंगठा भाजला आणि मी तो प्लास्टिकखाली ढकलला, हेही सांगितलं. बूच कोणी बसवलं ते सांगायची गरज नव्हती. मी अंगठा मुठीत लपवला. जे जमलं नाही ते विसरून जायचं, या माझ्या सवयीने मला आजवर फार सुखात ठेवलं होतं.

"अगं, मग पहिल्या दिवशीच सांगायचंस ना," मी म्हणालो.

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही त्या माणसाबद्दल बोलायला लागलात, आणि इतकं खरं बोलत होतात की थांबवावंसं वाटेना."

मी निदान पैज जिंकल्याची आठवण करून दिली. तुम्ही स्वतः 'झालं' म्हणालात, असं सासऱ्यांना ऐकवलं. त्यांनी ते मान्य केलं. ते न्यायी माणूस आहेत.

"खोली तुमचीच," ते म्हणाले. "पण ग्रिलच्या आधीच्या मालकाबद्दल तुम्ही आत्ता जे सांगितलंत, तेही आम्ही मान्य केलं. माणूस बरोबर ओळखलात जावईबापू."

खोलीत आता शिलाई मशिन आहे. रेडिओ, सायकल, घड्याळ आणि खुर्ची त्याच आठवड्यात भंगारवाला घेऊन गेला. ग्रिल मात्र आमच्याकडेच राहिला. सासऱ्यांच्या अटीनुसार मी तो या वेळी पार लोखंडापर्यंत खरवडला आणि आता अंगणात बसून त्याला रंग देतोय. पिंप त्यांनी स्वतः आणून दिलंय. समोर हिरव्या स्टुलावर ते बसलेत, काठीवर हनुवटी टेकून. मी ब्रश रंगात बुडवला, उचलला, आणि तो अजून झाकणाला टेकलाही नव्हता.

"झालं का?" सासरे म्हणाले.