बारा नाण्यांचा दाखला

घड्याळजींच्या बायकोला ऐकू येईनासं झालं, तेव्हा कानाच्या यंत्रासाठी तिच्या आईकडून आलेली चांदीची नाणी विकायचं ठरलं. नाणी बारा. प्रत्येक दहा ग्रॅमचं, आणि त्यात दहा भागांत नऊ भाग चांदी, हे शाळेच्या पुस्तकातही छापलेलं. बायकोनं भांडी पुसता पुसता हिशेब सांगितला, "एकशे आठ ग्रॅम." घड्याळजींनी कागदावर मांडून पाहिला, तेवढाच आला.

सराफानं नाण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"दाखला आणलाय? चांदी किती आहे त्याचा? दाखला असेल तर आत्ता पैसे मोजतो."

घड्याळजी नियमाचा माणूस. दुसऱ्याच दिवशी ते धातू परीक्षण कार्यालयात हजर झाले. तिथल्या तपासनीस बाई हसतमुख, लाच न खाणाऱ्या आणि कामाला वाघ. यातलं एक जरी कमी असतं, तर घड्याळजी वाचले असते.

"एक प्रातिनिधिक नाणं द्या," बाई म्हणाल्या. "आम्लात विरघळवून त्यातली चांदी मोजू."

"आणि मग परत?"

"विरघळलेलं काय परत देणार, काका? तशी तरतूद नाही."

"मग नुसता कोपरा कापून घ्या की."

"गोल नाण्याला कोपरा कुठला? शिवाय कापलं की ते खंडित होतं, आणि खंडित नाण्याला दाखला मिळत नाही. तुमच्याच भल्यासाठी अख्खं घेतो."

आठवड्यानं निकाल आला: 'सदर नाण्यात नव्वद टक्के चांदी होती.'

"होती?"

"आता ते नाणं आहे कुठे? आणि बाकीच्या अकरांबद्दल न तपासता कसं सांगू? ती थाप होईल."

घड्याळजींना हे पटलं. न उघडता घड्याळाचा दोष सांगणाऱ्यांची त्यांनाही चीड होती. त्यांनी दुसरं नाणं दिलं. त्यात साडेएकोणनव्वद टक्के निघाली. दोन आकडे जुळेनात, म्हणून निवाड्याला तिसरं गेलं. त्यानं तिसराच आकडा दिला. मग सरासरी काढायची ठरली, आणि सरासरी ग्राह्य धरायला निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान सात नाणी लागत होती. सातांची सरासरी निघाली, पण ती त्या सातांपुरतीच; न तपासलेल्या पाचांना ती लावणं बाईंच्या मते थापच होती.

"किती राहिली?" बायकोनं विचारलं.

"पाच."

"सात?"

"पाच! पाच राहिली!" घड्याळजी ओरडले. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"अहो, पुरे झालं आता. पाच तर पाच, ठेवून द्या घरात."

"आणि आधीची सात वाया घालवू? आता थांबलो, तर ती फुकट गेली म्हणायची!"

बारावं नाणं काढताना मात्र त्यांचा हात अडखळला. सासूबाईंनी ते लग्नात त्यांच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली होती.

"बाई, हे एवढं राहू द्या."

"राहू द्या की. सक्ती थोडीच आहे?" बाई मायेनं म्हणाल्या. "फक्त दाखल्यावर 'अपूर्ण' असा शिक्का बसेल."

घड्याळजींनी मूठ उघडली.

दाखला देखणा होता. दोन सह्या, तीन शिक्के आणि मजकूर: 'बाराही नाण्यांत मिळून एकशे आठ ग्रॅम चांदी असल्याचे प्रत्यक्ष तपासणीअंती सिद्ध झाले आहे.' सराफानं चष्मा पुसून तो दोनदा वाचला.

"वा! असा चोख दाखला आजवर पाहिला नाही. काढा नाणी."

ही हकिकत बायकोला कळेपर्यंत घड्याळजींना तीनदा ओरडावं लागलं, त्यामुळे ती अख्ख्या गल्लीला कळली. गल्ली दोन दिवस पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी शेजारचा शिंपी हळूच आत आला.

"काका, त्या बाई नेमक्या कुठल्या खिडकीवर बसतात हो? नाही, आमची नाणी वेगळी आहेत. आमच्यात एकसारखी चांदी आहे."

शनिवारपर्यंत कार्यालयाबाहेर चौतीस जणांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. पुढच्याचं काय झालं हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि आपलं तसं होणार नाही याची प्रत्येकाला खात्री होती.

तुम्ही हसताय? हसा. पण तुमच्याही कपाटात, आतल्या डबीत, दोन-चार जुनी नाणी असतीलच. त्यांत चांदी किती? नक्की सांगता येईल? लेखी?

खिडकी दहाला उघडते. जरा लवकर या, रांग वाढते आहे.