सुपडू आप्पांची पेवं

सुपडू आप्पांच्या अंगणात पाय जपून टाकावा लागे. मध्येच एखाद्या पावलाला जमीन पोकळ वाजे आणि ती वाजली की आप्पा ओट्यावरून ओरडत, "वयनी, तठे नका उभं ऱ्हाऊ! तठे मीठ शे!"

ईरा, नील, तुम्ही सुट्टीत म्हसावदला आला होतात तेव्हा शेजारच्या ज्या आजोबांनी तुम्हाला अंगणात स्टंप ठोकू दिले नाहीत, तेच हे आप्पा. तुम्ही त्यांना खडूस म्हणालात. खरी गोष्ट अशी, की तुमच्या स्टंपांच्या आसपास कुठंतरी हातभर खोल तूरडाळ होती.

पूर्वी इकडे धान्य पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. आता गोदामं आहेत, बाजार आहे, दारात भाजीची हातगाडी येते, त्यामुळे पेवं कधीच बुजली. आप्पांनी मात्र स्वतःची चालू ठेवली होती. प्लास्टिकचे निळे ड्रम, तेलाचे पत्र्याचे डबे, दुधाचा जुना कॅन, झाकण लागेल असं जे हाती येईल ते जमिनीत जाई. कशात ज्वारी, कशात डाळ, कशात गूळ, मिरची आणि मेणबत्त्या. एका डब्यात सुई-दोरा, पत्त्यांचा कॅट आणि दाढीची ब्लेडं होती. ब्लेडं कशाला, असं मी विचारलं.

"येळ उनी म्हनीसन काय दाढी वाढाडानी?"

ही 'येळ' म्हणजे वाईट वेळ. ती नेमकी कसली, हे आप्पांनी प्रत्येकाला वेगळं सांगितलं होतं. माझ्या शेजारणीला महापूर सांगितला, दुकानदाराला लढाई, आणि तुमच्या आजोबांना, "सरकार." फार खोदून विचारलं तर एकच उत्तर मिळे, "येळ काय चिठ्ठी धाडीसन येस का, वयनी?"

माणूस काही गरीब नव्हता. पपईचे मळे होते, केळी होती, मुलगा रमेश सुरतेला चांगल्या नोकरीत होता. जमनाबाई, म्हणजे आप्पांच्या पत्नी, ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "ह्या मानूसमुये घरमा पीठ नही आनि जमीनमा पोतं शे!" पण खणायचं ठरलं की टोपली त्याच धरायच्या.

मी इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवलेली बाई. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. आप्पांनी एकदा माझं फडताळ पाहिलं आणि मान हलवली. "नाव लिखेल डबा चोरले वाट दखाडस." मला त्यांचा कारभार अडाणी वाटे, त्यांना माझा बेसावध.

लॉकडाऊन लागला तेव्हा सगळी गल्ली आप्पांच्या तोंडाकडे पाहू लागली. आता अंगण उघडणार, असं प्रत्येकाला वाटलं. आप्पांनी तीन दिवस विचार केला, कानोसा घेतला, मास्क लावून किराणा दुकानाच्या रांगेत उभे राहिले आणि दोन किलो तांदूळ घेऊन परत आले.

"आप्पा, अहो घरात एवढं पुरलंय ना?" मी गच्चीवरून विचारलं.

"हाई ती येळ नही," आप्पा शांतपणे म्हणाले.

त्यानंतर गल्लीत नळाची पाइपलाइन आली. खणणाऱ्यांच्या टिकावाला आमच्या दोघांच्या कुंपणालगत काहीतरी लागलं. निळा ड्रम निघाला. बघ्यांची गर्दी झाली. "आप्पांचा खजिना निंघना!" असा ओरडा झाला. ड्रम उघडला तर आत ज्वारी, मीठ, काड्यापेट्या आणि वर मेणानं तोंड बंद केलेला चहाचा डबा. मी जो चहा पिते तोच, हिरव्या झाकणाचा. सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. आप्पा खाली मान घालून ड्रम ओढत घरात गेले.

आप्पा चहा घेत नाहीत. जमनाबाईही घेत नसत. हे मला तीस वर्षं माहीत होतं, दर दिवाळीला मी त्यांना चहाऐवजी दूध विचारत होते. तरी तो डबा कुणासाठी, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जमनाबाई गेल्या. महिनाभरानं आप्पा आमच्या फाटकाशी आले. टोपी हातात होती.

"वयनी, ठिकाणं दोन जीवले ठावं पाहिजेत. एक मी. दुसरी ती व्हती. आते तुम्ही चाला. पाय मोजी मोजी दखाडस."

"रमेशला दाखवा ना."

"त्याले फोनवर सांगं. तो हसना."

रमेशसारखी मी हसले नाही, एवढं मला त्या वेळी पुरेसं वाटलं. म्हटलं, "आप्पा, असं पायांनी मोजून कुणाच्या लक्षात राहणार? कागदावर काढू. मी नीट नकाशा करते, दोन प्रती काढते."

"कागद बोलस, वयनी. माणूस गप ऱ्हास."

मग मी म्हटलं, येते, सवडीनं येते. माझ्या वहीत दर आठवड्याच्या कामांची यादी असते हे तुम्हाला माहीत आहे. तिच्यात मी लिहिलं, 'आप्पा – ठिकाणं'. त्या आठवड्यात पापड होते. पुढच्या आठवड्यात बँकेचं काम. मग माझा गुडघा धरला. मग तुम्ही येणार होतात. दर रविवारी मी ती ओळ नव्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होते आणि आप्पा दर शनिवारी फाटकाशी येऊन "आज जमी का?" विचारत होते. अंगण आणि आमचं फाटक यांत अंतर किती, तर हाक मारली तर ऐकू येईल एवढं.

मग एका शनिवारी ते आले नाहीत. दुसऱ्याही नाही. मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

चार-पाच महिन्यांनी भर दुपारी कुदळीचा आवाज आला. आप्पा कडुलिंबाखाली खणत होते. बाजूला आणखी तीन खड्डे होते, तिन्ही रिकामे.

"काय शोधताय?"

"डाय व्हती आठे." डाळीचा डबा काही लागत नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाले दखाडं ना मी, वयनी? तुम्हाले ठावं शे ना?"

मी म्हणाले, "हो आप्पा."

त्या एका शब्दावर त्यांनी कुदळ खाली ठेवली. पाणी मागितलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खणू लागले, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझा तोच होकार. रमेश आला. डॉक्टरांना दाखवलं. वयाचा विसर आहे, असाच वाढत जाणार, असं कळलं. रमेशनं त्यांना सुरतेला न्यायचं ठरवलं. आप्पा उंबऱ्यावर बसले. "एक तरी सापडू दे. सोपीसन जास. तसा नही जाऊ." कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय ते निघणार नव्हते.

"बापू, सुरतमा बठ्ठं भेटस, काय पाहिजे ते," रमेश रडवेला होऊन म्हणाला.

"म्हनीसनच तू हसना."

हे ऐकून मी घरी आले. आमच्याकडे एक जुना ड्रम होता. त्यात मी ज्वारी भरली, मीठ, काड्यापेट्या घातल्या. रमेश आप्पांना घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे गेला त्या सकाळी माझा गुडघा, एक कुदळ आणि मी आप्पांच्या अंगणात गेलो. तुळशीपासून थोडं लांब, भिंतीच्या कडेनं, जमेल तेवढं खोल पुरलं. घामानं निथळत माती सारखी केली. या वयात मी पहिल्यांदाच काहीतरी लपवत होते.

जायच्या दिवशी मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही मला दाखवलं होतं ते ठिकाण चला बघू." भिंतीपाशी नेलं. त्यांनीच खणलं. झाकण लागलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे पाहिलं.

त्यांनी झाकण काढलं, ज्वारीत कोपरापर्यंत हात घातला, वर काढला, उन्हात धरून पाहिला. मग दाणे तळहातावर चोळून वास घेतला.

"राख नही," ते म्हणाले.

मी ड्रममध्ये वाकून पाहिलं.

"हाई मन्हं नही. तुम्ही गाडं?"

मी होकारार्थी मान डोलावली. तीस वर्षं शेजारी राहून ज्वारीला राख लावूनच ती पुरतात, नाहीतर कीड पडते, एवढंही मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

आप्पा चिडतील किंवा रडतील असं वाटलं. पण ते म्हणाले, "गाडं ते गाडं, पन राख बिगर? सहा महिनामा पीठ व्हई जाई. आना राख."

मी आमच्या बंबातली राख आणली. त्यांनी ती उपरण्यातून गाळली. "वल्ली नको. चाळेल पाहिजे." ज्वारीत मिसळताना माझे दोन्ही हात धरून मिसळायला लावले, पहिलीतल्या मुलीचा हात पाटीवर धरतात तसे. झाकण बसवलं, माती लोटली, वर वाळका पाला टाकला. फाटकाशी रमेशनं गाडी चालू केली होती.

"आते मोजा. तुळशीपाईन."

मी आप्पांची पावलं कशी पडतात ते आठवून लांब लांब ढांगा टाकू लागले.

"मन्हा पाय नका मोजू," ते म्हणाले. "तुम्हना मोजा. काढनार तुम्ही शेतस."

बाकीची ठिकाणं कुठं आहेत, हे आता कुणालाच ठाऊक नाही. ती सगळी मी माझ्या पावलांनी मोजू शकले असते, कुठल्याही शनिवारी.

मी माझ्या चालीनं, दुखऱ्या गुडघ्यानं, तुळशीपासून भिंतीपर्यंत गेले. "सोळा," मी म्हणाले.

रमेशनं हॉर्न वाजवला. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही.

"आखो एकदाव," ते म्हणाले.

मी पुन्हा तुळशीपाशी गेले.