गिअरबॉक्सचा ताप

गाडी गॅरेजमध्ये सोडून घरी येऊन चहा प्यायचा, एवढंच करायचं होतं. पण जावईबापूंनी दोष स्वतः शोधायचं ठरवलं.

गाडी सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले ते गाडीसकट. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी किल्ली जावयाकडे दिली आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसू लागले. संध्याकाळ झाली की मात्र बूट चढवून दारात उभे. टेकडीवर ते आणि सासूबाई जिथे फिरायला जायचे, तिथपर्यंत जावयाशेजारी बसून एक चक्कर मारायची. तेवढ्यासाठीच ते सकाळी उठत असावेत.

हल्ली टेकडी चढताना गिअरबॉक्स तापल्याचा दिवा लागू लागला. गॅरेजवाल्याने मशीन जोडून पाहिलं. त्याचं म्हणणं, एकतर गिअरबॉक्सचं तेल खरंच तापतंय, नाहीतर ते किती तापलं हे सांगणारा सेन्सर थापा मारतोय. सेन्सर असेल तर किरकोळ काम. गिअरबॉक्स असेल तर गाडी सरळ भंगारात घाला.

जावईबापूंना शंकाच नव्हती. (स्वतःबद्दल त्यांना ती सहसा नसे.) ते इतकं जपून चालवत की सायकलवाले मागून येऊन पुढे जात. अशा माणसाच्या हाताखाली गिअरबॉक्स तापेलच कसा? सेन्सरच खोटारडा.

सुट्टीच्या दिवशी गाडीखाली आडवे होऊन, निम्मं तेल बादलीत आणि निम्मं तोंडावर घेत त्यांनी सेन्सर काढला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. युक्ती चोख होती. सेन्सर पाण्यात बुडवायचा, पाणी तापवायचं आणि मीटर लावून बघायचं. पाणी तापेल तसा मीटरवरचा विजेच्या रोधाचा आकडा उतरत गेला तर सेन्सर खरा. अडून बसला तर खोटा. पाणी किती तापलं ते कळावं म्हणून त्यांनी सासऱ्यांचं थर्मामीटरही पाण्यात सोडलं. माणसांचा ताप बघण्यात जन्म गेलेली ती काचेची नळी, उकळी बघून तडकली.

बायको धावत आली. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि पातेल्याकडे पाहिलं. (पातेलं दुधाचं होतं. यापुढे नव्हतं.)

"गाडीचा ताप बघून झाला असेल, तर आता बाबांचा कशाने बघू?"

जावईबापूंनी ऐकलं नाही. ते मीटरकडे बघत होते. आकडा गुणी मुलासारखा उतरला होता, आणि सेन्सर गार पाण्यात धरताच पुन्हा मुकाट चढला. सेन्सर सज्जन निघाला. म्हणजे गिअरबॉक्सच गेला.

त्यांनी सेन्सर जागेवर बसवला, तेल भरलं, आणि घरात येऊन सासऱ्यांसमोर बसले. सासरे बूट घालून तयार होते. गाडी भंगारात काढावी लागेल, टेकडी आता बंद, हे जावईबापूंनी कसंबसं सांगितलं. म्हातारा वाकून बुटाची नाडी सोडू लागला, आणि मध्येच थांबला.

"जावईबापू, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचारा ना."

"तुमचा डावा पाय ब्रेकवरून कधी उठतो हो?"

जावईबापूंनी समजावून सांगितलं की या गाडीला क्लच नाही, त्यामुळे डावा पाय रिकामा असतो, म्हणून तो ते कायम ब्रेकवर ठेवतात. सावधगिरी. चढावर तर जरा जास्तच दाबून.

"एक पाय म्हणतो चल, दुसरा म्हणतो थांब," बायको दारातून म्हणाली. "तापणार नाही तर काय? माझं तरी वेगळं काय होतं या घरात?" मग ती वडिलांकडे वळली. हे आधी का बोलला नाहीत, असं तिने विचारलं.

म्हातारा नाडीशी चाळा करत राहिला. "त्यांना वाईट वाटून त्यांनी नेणंच बंद केलं असतं, तर मी कोणाकडे बघायचं होतं?"

बायकोने किल्ली उचलली. जावईबापूंना मागची सीट मिळाली. चढ आला, चढ गेला, आणि दिवा लागावा असं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मनापासून वाटलं. लागला नाही.

परतताना सासऱ्यांची मान कलली. जावईबापू बायकोला हळूच म्हणाले, "माझ्याबरोबर कधी डुलकी घेतली नाही. सारखे समोर बघायचे. आजूबाजूची झाडं बघायला आवडायची त्यांना."

"झाडं कुठली," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "कोणीतरी रस्त्याकडे बघायला नको?"