परब सरांचा भाडेकरू

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत तेव्हा रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते. प्रत्येकाच्या शोकेसमध्ये टीव्हीशेजारी पितळेचा मोर नाहीतर मान डोलावणारी बाहुली असायची. परब सरांच्या शोकेसमध्ये पट्टकृमी होता. काचेच्या बरणीत, औषधी पाण्यात, वेटोळं घालून. आलेल्या माणसाला बसा म्हणायच्या आधी सर ओळख करून द्यायचे, "हा आमचा जुना भाडेकरू. माझ्याच पोटात राहायचा."

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि एकटेच राहायचे. तरुणपणी मित्राकडे कच्चट राहिलेलं डुकराचं मटण खाल्लं आणि हा पाहुणा आत शिरला. दुसरा कुणी लाजेनं मूग गिळून बसला असता. सरांनी औषध घेऊन त्याला बाहेर काढला आणि पोराच्या पहिल्या बक्षिसासारखा मांडून ठेवला. मी त्यांच्याकडे रोज पेपर वाचायला जायचो, पण चहा आपला घरी येऊनच प्यायचो.

"सर, शरीर त्याला हाकलून कसं देत नाही?" असं कुणी चुकून विचारलं की त्याची संध्याकाळ गेलीच.

"पागडीचा भाडेकरू कधी हाकलता येतो का रे? रक्तातल्या पेशी जातात ना भांडायला. पण हा अंगातून असली रसायनं सोडतो, की त्या तिथंच थंड पडतात. आणि शरीरही शहाणं असतं. फार जोरात हाणलं तर भिंत आपल्याच घराची पडायची. मग दोघं धुसफुसत वर्षानुवर्षं एकत्र राहतात." शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "शरीराला कमी लेखू नकोस."

पुढे माझ्या बहिणीचं, वासंतीचं, लग्न ठरलं. स्थळ चेंबूरचं, मुलगा बँकेत. साखरपुडा झाला आणि होणाऱ्या सासूबाईंबरोबर साड्या घ्यायला गेली असताना तिला दुकानातच फिट आली. डॉक्टरांनी टाउनमध्ये पाठवून डोक्याचा स्कॅन करवला. मेंदूत पट्टकृमीच्या अळीची एक बारीक गाठ निघाली. गोळ्या चालू ठेवा, बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले. पण चेंबूरहून निरोप आला, जरा थांबू या. वासंतीनं जेवणच टाकलं.

आईला वेगळीच धास्ती. आम्ही माळकरी. "लोक म्हणतील, पोरगी चोरून डुक्कर खाते." म्हणून तिनं एकादशीच्या उपासानं चक्कर आली, असं सांगायला सुरुवात केली. तो महिना ना आषाढाचा ना कार्तिकाचा, पण एकादशी काय, पंधरवड्याला येतेच.

सरांच्या कानावर हे गेलं तसे ते आमच्याकडे आले. "वहिनी, डुक्कर खाल्लं तर किडा पोटात वाढतो. ही गाठ त्याच्या अंड्यांमुळे होते. ती कुणाच्या न धुतलेल्या हातातून, कच्च्या पालेभाजीतून कुणाच्याही पोटात जातात. माळ बघत नाहीत. खरं सांगायला लाजता कशाला?"

आणि रविवारी बरणी पिशवीत घालून ते चेंबूरला निघाले. मी सोबत होतो, जमल्यास अडवायला.

सासूबाईंनी पोह्यांच्या बशा ठेवल्या, सरांनी शेजारी बरणी ठेवली. मुलाच्या वडिलांनी उचललेली बशी परत खाली ठेवली.

"डोक्यातली अळी जिवंत होती तोवर शरीराला चकवून गुपचूप राहिली," सर म्हणाले. "आता ती मरतेय. तिचं सोंग संपलं, शरीराला ती दिसली, आणि शरीर तिच्यावर तुटून पडलं. त्याची सूज आली, त्यातून फिट. अहो, ही मुलगी हरलेली नाही. जिंकत आली आहे."

मला असा अभिमान वाटला, जणू वासंतीला पदकच मिळालं आहे. सासूबाई मात्र पक्क्या मालवणच्या. म्हणाल्या, "तुमका सांगाक काय जाता? तुमच्या घरात असा झाला असता तर?"

सरांनी बरणी स्वतःकडे ओढून घेतली. मग बोलले ते मालवणीत. आमच्याशी ते त्या बोलीत कधीच बोलले नव्हते.

"झाला. माझ्या भयणीक. भूत म्हणान कोंडून घातल्यानी. तिका कोणी औषध देऊक नाय, कोणी स्थळ बघूक नाय. तशीच गेली."

सासूबाईंनी बरणीकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "ह्या आधी पिशयेत घाला. आणि पोहे खावा."

लग्न ठरल्या तारखेलाच झालं. आमच्या आईला भाऊ नाही. गुरुजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." आई दुसऱ्या रांगेत बसलेल्या सरांकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, चला."

सरांना आधी कळेचना. मग उठले, कोटाची बटणं लावली आणि वासंतीचा हात धरून ताठ मानेनं अंतरपाटापर्यंत चालत आले. तिथं मात्र गुरुजींना दोनदा सांगावं लागलं, "मामा, आता मुलीचा हात सोडा."