विंटेज नव्हे, हिंग

आमच्या सोसायटीत कुणी आजारी पडलं की दळवीकाका भेटायला जातात, पण आजारी माणसाला नाही. ते थेट उशाशी ठेवलेल्या औषधाकडे जातात. बाटली उचलतात, खोकं उलटसुलट करतात, छपाई निरखतात आणि विचारतात, "अजून किती दिवस?" दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीआजोबांना वाटलं, हे आपल्याबद्दलच विचारतायत. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. काका मात्र जाताना सुनेला सांगून गेले, "संपलं की फेकू नका, मला सांगा." त्यानंतर आजोबा आणखीच खचले.

दळवीकाका मानपाड्याच्या एका रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. लग्न केलं नाही. तळमजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण आक्का असे दोघंच राहायचे. तीन वर्षांपूर्वी आक्का गेल्या. त्यानंतर काकांनी हा उद्योग सुरू केला. जुने पत्र्याचे डबे, साबणाची खोकी, काडेपेट्यांची वेष्टनं गोळा करायची, पुसूनबिसून लाकडी चौकटीत बसवायची, वर काच लावायची. लोक म्हणे हल्ली असलं भिंतीवर लावायला विकत घेतात.

काका प्रत्येक चौकटीखाली आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लावतात. "दंतमंजन. काळं. चव बरी." किंवा "पापडखार. डाव्या बाजूस गंज. आत झुरळ नव्हते." मी एकदा म्हटलं, काका, झुरळाचं कशाला लिहिता? तर म्हणाले, "नव्हतं म्हणूनच लिहिलंय. असतं तर लिहिलं असतं का?"

आमच्या सासूबाईंकडे मोराचं चित्र असलेला हिंगाचा जुना डबा होता. काका एकदा वर्गणी मागायला आले आणि त्यांची नजर थेट ओट्यावर गेली.

"वहिनी, हा रिकामा आहे?"

"अर्धा भरलाय."

"मग रिकामा करू या."

सासूबाई वर्गणीचे पैसे आणायला आत गेल्या, तेवढ्यात काकांनी हिंगपूड दुसऱ्या बरणीत ओतली आणि डबा घेऊन गेले. ती बरणी चहाची होती. चार दिवस आमच्याकडे चहाला कसला वास येतोय हे कुणाला कळेना. सासूबाईंनी दूधवाला बदलला. सासरे एकटे खूश होते. पोट इतकं हलकं आपल्याला कॉलेजात असतानाही वाटलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं.

हळूहळू चौकटी घरात मावेनात. त्या पॅसेजमध्ये आल्या, मग जिन्याखाली. शेवटी कमिटीने नोटीस लावली, की महिनाअखेर पॅसेज मोकळा झाला नाही तर सामान भंगारात जाईल. काका नोटीस वाचून जिन्याखालच्या चौकटी मोजत बसले. मला ते बघवेना. म्हणून ठाण्यात घरसजावटीचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं, तिथे मी त्यांच्यासाठी मागे फळी असलेलं टेबल घेतलं आणि ऑफिसात रजा टाकली.

टेम्पोत सामान भरून निघालो. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. काका उतरून एका पानवाल्याकडे गेले, कारण त्याच्या फळीवर सुपारीचा जुना डबा दिसलेला. तेवढ्यात गाड्या हलल्या आणि आम्हाला पुढे जावं लागलं. मी घाबरले. पण पाचच मिनिटांत काका डबा काखेत मारून आरामात चालत आले. टेम्पो दोन खांब पुढे गेलेला.

प्रदर्शनात खरी पंचाईत झाली. काकांना माल विकायचा होता, पण कुणालाही द्यायचा नव्हता. घोडबंदरचं एक तरुण जोडपं मोरापाशी थांबलं.

"किती क्यूट विंटेज आहे," मुलगी म्हणाली.

"विंटेज नव्हे, हिंग," काका म्हणाले.

"सोफ्याच्या मागे मस्त दिसेल. यात ब्लू मिळेल?"

"निळा हिंग खाल्लाय कधी?"

जोडपं निघून गेलं. संध्याकाळपर्यंत एकही चौकट गेली नाही. दुसऱ्या दिवशी मी काकांना चहाला पाठवलं आणि अर्ध्या तासात मोरासकट चार विकल्या. परत आल्यावर मोकळे खिळे बघून काकांनी एवढंच विचारलं, "त्यांच्या घरी स्वयंपाक करतात ना?" मी करतात म्हणाले. मग मी त्यांना दर तासाला चहाला पाठवत राहिले.

शेवटच्या दिवशी एक वयस्क बाई आल्या. खांद्याला पिशवी, पायात रबरी चपला. गुलाबाचं चित्र असलेल्या पावडरच्या डब्यासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. किमतीची चिठ्ठी बघून मागे सरकल्या.

"नुसती बघतेय," त्या म्हणाल्या. "मोहने गावात चाळीत होतो तेव्हा आई यात बटणं ठेवायची."

"झाकण अडकायचं का?" काकांनी विचारलं.

"चमच्यानं काढायला लागायचं."

काकांनी चौकट उतरवली, मागचे खिळे उपटले आणि डबा काढून बाईंच्या हातात दिला. "घरी बटणं आहेत?"

"आहेत की."

"मग न्या."

बाईंनी पाकीट उघडलं. काका म्हणाले, "पैसे चौकटीचे असतात. ती मी ठेवून घेतलीय."

त्या चौकटीबद्दल सकाळपासून तिघांनी विचारलं होतं. मी जरा चिडलेच. पण बाकीचा बहुतेक माल गेला होता आणि पॅसेज मोकळा होणार होता, तेवढं पुरे होतं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत काका आपणहून बोलायला लागले.

"आक्काच्या डब्यांत बाहेर लिहिलेलं कधी आत नसायचं. चहाच्या डब्यात मूगडाळ, बिस्किटांच्या डब्यात रवा. आणि मी स्टोअरकीपर. रोज भांडायचो. ती गेल्यावर सगळे डबे मीच भंगारवाल्याला दिले, एका सकाळी. स्टीलचे एकसारखे आणले, चिठ्ठ्या लावल्या."

"मग त्यातला एखादा परत मिळाला का?"

"तसले पुष्कळ मिळाले. तिचे नाहीत."

गुलाबाच्या डब्याची रिकामी चौकट त्यांनी मांडीवर सरळ केली.

"आता डाळ लगेच सापडते," ते म्हणाले. "सकाळी साडेदहालाच माझं जेवण होऊन जातं. मग पुढे काय करायचं, ते कळत नाही."